खटावकरांनी उघडलेली कुंडी

सुरेंद्र खटावकरांच्या घरात चालती वस्तू सुखानं चालू शकेल, अशी सोय नव्हती. मिक्सर नीट फिरत असला की त्यांना शंका यायची. पंखा आवाज करत नाही म्हणजे आत काहीतरी शिजतंय, असं त्यांचं ठाम मत. चाकणच्या एका कंपनीत त्यांनी उभी नोकरी मेंटेनन्स खात्यात काढली आणि तिथला त्यांचा मंत्र एकच होता: बिघडायच्या आधी उघडा. कंपनीच्या बोलीत त्याला पीएम, म्हणजे प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स म्हणतात. मशीन कितीही झकास चालत असो, ठरल्या तारखेला ते थांबवायचं, उघडायचं, पुसायचं, झिजलेलं काढायचं, नवं बसवायचं आणि झाकण लावून टाकायचं. तारीख टळली की खटावकरांना जेवण गोड लागत नसे. हाताखालची पोरं पाठीमागे त्यांना ‘पंचांग’ म्हणायची.

खोटं कशाला बोला, माणूस कामाला वाघ होता. पण हा वाघ निवृत्त होऊन चिखलीच्या फ्लॅटमध्ये येऊन बसला, तेव्हा घरातल्यांची पंचाईत झाली. घरातले म्हणजे कोण, तर एकट्या शैलाताई. मुलगी ओवी लग्न होऊन हैदराबादला गेलेली. पहिल्या महिन्यात खटावकरांनी गीझर उघडला. मग स्वयंपाकघरातली चिमणी. मग दारावरची बेल. देवघरातली घंटा हातात घेऊन ते तिचा लोलक तपासत असताना शैलाताईंनी फक्त एवढंच म्हटलं, “अहो, देवाला तरी सोडा.” शैलाताईंनी अख्खं आयुष्य पाचवीच्या वर्गाला शिकवलं होतं. त्यामुळे सहनशक्तीचा तुटवडा नव्हता.

एका जागेला मात्र खटावकरांचा हात लागत नव्हता, ती म्हणजे बाल्कनी. तिथं येऊ नका असं शैलाताई कधी म्हणाल्या नव्हत्या. पण काही जागा न सांगता एखाद्याच्या होऊन जातात, तशी ती त्यांची झालेली. लग्नानंतर काळेवाडीच्या दोन खोल्यांत संसार झाला, तिथं खिडकीसुद्धा शेजारच्या भिंतीत उघडायची. नवरा पहाटे कंपनीच्या बसला जायचा, नाहीतर सेकंड शिफ्टहून मध्यरात्री उगवायचा. सासूबाईंचं अखेरचं आजारपण, ओवीची दहावी-बारावी, सगळं शैलाताईंनी शाळा सांभाळून एकटीनं काढलं. चिखलीचा हा फ्लॅट घेताना त्यांनी एकच अट घातली होती, बाल्कनी हवी. समोर वर्कशॉपचे पत्रे, दिवसभर प्रेस मशीनचा ठोका आणि ग्राइंडरची करकर. पण सकाळचं ऊन सरळ आत यायचं. तुळस, गवती चहा, एक ब्रह्मकमळ आणि एक ऑर्किड, असा त्यांचा परिवार. एक वेताची खुर्ची. सकाळचा चहा तिथं, एकटीनं.

हे ऑर्किड त्यांना निवृत्तीच्या दिवशी शाळेनं दिलं होतं. तेव्हा ते जांभळ्या फुलांनी गच्च भरलेलं होतं. तीन महिने फुलं टिकली, मग एकेक करत गळली आणि पारदर्शक प्लॅस्टिकच्या कुंडीत चार जाड पानं आणि लाकडाच्या सालीचे तुकडे तेवढे उरले. तळमजल्यावरचे सोपानराव एकदा वर आले होते. ज्या रानावर ही इमारत उभी आहे, ते त्यांच्याच घराण्याचं. कुंडीत डोकावून ते म्हणाले, “बाई, ह्ये झाड हाय का चेष्टा हाय? लाकडाच्या ढलप्यात कुठं झाड जगतंय व्हय? काळी माती घाला, वर शेणखत घाला, बघा कसं उठतंय त्ये.” शैलाताई हसल्या, पण माती काही घातली नाही. हे झाड मुळात जमिनीतलं नव्हे, झाडाच्या खोडाला धरून हवेत वाढणारं, हे त्यांनी वाचलं होतं. आठवड्यातून एकदा त्या कुंडी पाण्यात बुडवून ठेवायच्या, पूर्ण निथळू द्यायच्या आणि परत जागेवर ठेवायच्या. तीन वर्षं फूल नाही. खटावकर त्याला ‘बंद मशीन’ म्हणायचे. रोज सकाळी पेपर घेऊन बाल्कनीच्या दारात उभं राहायचं, कुंड्या उंचीप्रमाणे लावल्या तर किती बरं दिसेल हे सांगायचं आणि आत निघून जायचं, हा त्यांचा नेम.

दिवाळी झाली आणि शैलाताई बहिणीच्या मुलाच्या लग्नाला नाशिकला गेल्या. सोसायटीच्या टाक्या धुवायच्या होत्या, म्हणून खटावकर मागे राहिले. टाक्या एका सकाळीत धुऊन झाल्या. मग रिकामा हात आणि हातात फोन. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना फोनवर एक ओळ दिसली: ऑर्किडची कुंडी साधारण दर दोन वर्षांनी बदलावी.

खटावकर ताठ बसले. दोन वर्षांनी! आणि या झाडाला तीन होऊन गेली. म्हणजे पीएम वर्षभर थकलेलं. त्यांच्या हयातीत असं कुठल्या मशीनच्या बाबतीत झालं नव्हतं, आणि इथं त्यांच्या स्वतःच्या घरात! त्या ओळीच्या खाली बराच मजकूर होता. केव्हा बदलावी, केव्हा मुळीच बदलू नये, काय कापावं, काय कापू नये. तो त्यांनी वाचला नाही. मॅन्युअल पूर्ण न वाचता मशीनला पाना लावणाऱ्या पोरांना ज्यांनी जन्मभर शिव्या घातल्या, तेच खटावकर पहिली ओळ वाचून चपला घालून बाहेर पडले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय.

नर्सरीतून त्यांनी चिनीमातीची मोठी, देखणी कुंडी आणली, सालीच्या तुकड्यांची पिशवी आणली. बाल्कनीत पेपर पसरले, पक्कड, कात्री, स्क्रूड्रायव्हर ओळीनं मांडले. शटडाउन सुरू. झाड उपटून काढताना थोडी कटकट झाली, पण निघालं. मुळं बघून खटावकरांना धक्काच बसला. काही कुंडीत होती, पण कितीतरी बाहेर, करड्या रंगाची, हवेत वेडीवाकडी पसरलेली. लोंबकळती वायर म्हणजे अपघाताला आमंत्रण, हे त्यांनी हजारदा बजावलेलं. त्यांनी ती सगळी सफाईनं कापून टाकली. दुसऱ्या पानाच्या बेचक्यातून बोटाच्या पेराएवढं एक हिरवं टोक वर निघालं होतं, तेही कापलं. मग झाड मधोमध उभं करून साली स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठासून ठासून भरल्या. मशीन पायावर घट्ट बसलं पाहिजे. शेवटी भरपूर पाणी. त्यांनी चार पावलं मागं जाऊन पाहिलं आणि समाधानानं फोटो काढून ओवीला पाठवला.

ओवीचा लगेच फोन आला. “बाबा, आईला विचारलंत का?”

“विचारायचं काय त्यात? आली की बघेल. सरप्राइज आहे.”

“बरं,” ओवी म्हणाली. आईच्या शाळेत शिकलेली ती, पुढं काही बोलली नाही.

शैलाताई आल्या त्या सोमवारी दुपारी. पिशवी सोफ्यावर टाकली आणि हातपाय न धुता सरळ बाल्कनीत गेल्या. मागोमाग खटावकर, शाबासकीच्या तयारीत. शैलाताईंनी नव्या कुंडीकडे पाहिलंही नाही. त्या वाकल्या, दुसरं पान बोटानं अलगद उचललं आणि त्याच्या खाली पाहत राहिल्या.

“इथं एक कोंब होता,” त्या म्हणाल्या.

“मूळ होतं ते. भलतीकडेच चाललं होतं, काढून टाकलं.”

“मूळ नव्हतं. फुलाचा दांडा होता.”

खटावकरांना काही समजेना. “दांडा? एवढासा?”

“सुरुवातीला एवढासाच असतो. मुळाचं टोक गोल असतं, गुळगुळीत. दांड्याचं जरा चपटं असतं आणि त्याला एका बाजूनं खाच असते.” पाचवीच्या मुलाला सांगावं तसं त्यांनी सावकाश सांगितलं. आवाज चढला नाही. “तीन वर्षांनी पहिल्यांदा आला होता.”

चूक झाली की माणूस आधी तोंड सोडतो. खटावकर तरी अपवाद कसे असणार? “मग आधी सांगायचंस ना मला! या घरात मला कुणी काही सांगतच नाही. मला काय स्वप्न पडतं?”

शैलाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. काहीतरी ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. आत जाऊन हातपाय धुतले आणि कुकर लावला. रात्री जेवताना त्या एवढंच म्हणाल्या, “ते झाड आता तुम्हीच बघा.”

आणि दुसऱ्या दिवसापासून त्या बाल्कनीत गेल्या नाहीत. सकाळचा चहा त्या ओट्यापाशी उभ्यानं घेऊ लागल्या. तुळशीला पाणी घालण्यापुरत्या जायच्या आणि परत यायच्या. बोलणं बंद नव्हतं. भाजी काय आणू, वीज बिल भरलं का, सगळं नेहमीसारखं. भांडण झालं असतं तर बरं, असं खटावकरांना वाटायला लागलं. धडाड आवाज करून बंद पडलेलं मशीन त्यांना कळायचं. हे न आवाज करता थांबलेलं होतं, आणि कुठून उघडायचं हे समजत नव्हतं.

तेव्हा त्यांनी तो मजकूर शेवटपर्यंत वाचला. मग तसले आणखी दहा वाचले. जसजसं वाचत गेले तसतसा चेहरा उतरत गेला. दांडा येत असताना किंवा फुलं असताना झाडाला हलवायचं नसतं. फुलं ओसरून गेल्यावर, नवं मूळ फुटायला लागलं की कुंडी बदलायची. हवेतली मुळं जिवंत असतात, ती कापायची नसतात. कुंडी मोठी घ्यायची नसते, कारण मोठ्या कुंडीत ओल फार दिवस राहते. ठासून भरायचं नसतं, कारण मुळांना हवा लागते. लगेच पाणी घालायचं नसतं. म्हणजे करायचं नसतं ते एकूण एक त्यांनी एका दुपारीत करून दाखवलं होतं. पहिल्या झटक्यात त्यांचा हात पुन्हा कुंडीकडे गेला, उघडून सगळं दुरुस्त करावं म्हणून. पण आता ते दुधानं पोळलेले होते. एका घावावर लगेच दुसरा घाव नको, हेही त्यांनी वाचलं होतं. त्यांनी हात मागे घेतला.

खरी धास्ती झाडाची नव्हती. हे झाड मेलं तर शैला पुन्हा या बाल्कनीत बसणार नाही, हे त्यांना स्वच्छ कळलं होतं. ती स्वयंपाकघरात उभ्यानं चहा घेईल, आपण हॉलमध्ये पेपर वाचू आणि उरलेली वर्षं एका घरात दोन भाडेकरू राहावेत तशी जातील. नोकरीत असताना हे चाललं. तेव्हा वेळच नव्हता. आता सगळा वेळच वेळ होता, आणि त्याची त्यांना भीती वाटली.

करण्यासारखं काही नव्हतं. फक्त बघायचं होतं. साल आतपर्यंत कोरडी झाली का, ते एक बारीक काडी खुपसून बघायचं, झाली असली तर बेतानं पाणी द्यायचं, नाहीतर नाही. यात दिवसाची दोन मिनिटं जायची. उरलेला वेळ बसायचं. ज्या माणसानं आयुष्यात हातात पाना नसताना बसून पाहिलं नव्हतं, त्याला ही शिक्षा काळ्या पाण्याची होती. खटावकर वेताच्या खुर्चीत बसून पाय हलवायचे, बोटं मोडायचे, कठड्याचे स्क्रू नजरेनं मोजायचे.

एका सकाळी त्या खुर्चीतून त्यांना कोपऱ्यावर कंपनीची बस दिसली. त्यांचीच बस. त्यांच्याच खात्यातली पोरं डबे घेऊन चढत होती. वरून त्यांची टाळकी, बॅगा, एकाचा उसवलेला खांदा, सगळं स्पष्ट दिसत होतं. खटावकर गमतीनं बघत राहिले आणि मग त्यांच्या लक्षात आलं की ही खुर्ची इथंच, याच तोंडानं, फ्लॅट घेतल्यापासून आहे. म्हणजे ते रोज बसमध्ये चढताना कुणीतरी वरून बघत होतं. इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही मान वर केली नव्हती.

हिवाळा गेला. खालचं पान पिवळं पडलं. ते ओढून काढायला त्यांची बोटं शिवशिवली, पण त्यांनी ते आपसूक गळू दिलं. मार्चपर्यंत उरलेली पानं जुन्या चामड्यासारखी मऊ, सुरकुतलेली झाली. सोपानराव पुन्हा वर येऊन बाल्कनीत बसले, पुन्हा तेच. “सायेब, आजून येळ हाय. माती घाला.”

“सोपानराव, माती आणू कुठून? तुमचं रान कुठंय आता?”

“घ्या! रानावर तर तुमी ऱ्हाताय की!” सोपानराव खदखदून हसले आणि मग जरा वेळानं, समोरच्या पत्र्यांकडे बघत, नुसतेच बसून राहिले.

बसून राहण्याची सवय लागली की ती बाल्कनीपुरती राहत नाही. खटावकरांना घरातही दिसायला लागलं. शैला उठताना उजवा गुडघा दाबून धरते. ती पेपर मागच्या पानापासून वाचते. दुपारी चारच्या सुमाराला तिला कुठल्यातरी जुन्या विद्यार्थिनीचा फोन येतो आणि तेवढा वेळ तिचा आवाज वेगळाच, वर्गातला असतो. चहात साखर तिनं केव्हाच सोडली होती आणि ते तिला इतके दिवस दुपारचा गोड चहा करून देत होते. ती पीत होती. यातलं काही त्यांनी बोलून दाखवलं नाही. साखर मात्र घातली नाही. मे महिन्यात एकदा मिक्सर खरोखरच कुरकुरायला लागला. त्यांना आवाज आला, तरी ते जागचे हलले नाहीत. “उघडून बघू का?” त्यांनी हॉलमधून विचारलं. शैलाताईंनी वळून पाहिलं. हा प्रश्न त्या घरात नवीन होता.

“बघा,” त्या म्हणाल्या.

जुलैत एके सकाळी झाडाच्या बुंध्याशी काहीतरी चमकलं. हिरवं, ओलसर, तांदळाच्या दाण्याएवढं. खटावकरांनी चष्मा लावून, गुडघे टेकून पाहिलं. टोक गोल होतं, गुळगुळीत. मूळ! झाड जगायचं म्हणत होतं. त्यांनी जागेवरून उठून स्वयंपाकघराचं दार गाठलं. शैलाताई पोळ्या लाटत होत्या.

“शैला, नवं मूळ फुटलंय. कुंडी बदलायची वेळ ही असते, मी वाचलंय. पण मी एकटा हात लावणार नाही.”

शैलाताईंचं लाटणं थांबलं. मग त्यांनी ती पोळी पूर्ण लाटली, भाजली, डब्यात टाकली. “पोळ्या होऊ देत,” त्या म्हणाल्या. “तोवर साली पाण्यात भिजत घाला. कोरड्या साली पाणी धरत नाहीत. निदान उद्या सकाळपर्यंत भिजू देत.”

“म्हणजे आज नाही?”

“आज नाही.”

पूर्वीचे खटावकर एवढ्यात कुंडी उघडून मोकळे झाले असते. त्यांनी निमूट बादली भरली.

दुसऱ्या दिवशी शैलाताई बाल्कनीत आल्या आणि खाली बसल्या. सिंकखालच्या कप्प्यातून त्यांनी ती जुनी पारदर्शक कुंडी काढून आणली होती, गरम पाण्यानं धुऊन. खटावकरांनी कात्रीची पाती गॅसवर तापवून, गार करून आणली. झाड ओढायचं नाही, कुंडी आडवी धरून चोहोबाजूंनी थोपटायची, असं शैलाताईंनी दाखवलं. झाड हातात आलं. कुंडीतली बहुतेक मुळं तपकिरी, लिबलिबीत झाली होती.

“प्रत्येक मूळ बोटांत धरून हलकं दाबायचं,” शैलाताई म्हणाल्या. “टणक लागलं तर ठेवायचं, मग रंग कसाही असो. पोकळ किंवा मऊ लागलं तर तेवढंच कापायचं.”

त्या दाबायच्या, सांगायच्या, खटावकर धरायचे. पेपरवर मेलेल्या मुळांचा ढीग होत गेला आणि हातात राहिली मोजकी, शाबूत मुळं.

“हे सगळं माझंच काम,” खटावकर खाली मान घालून म्हणाले.

“सगळं नाही.” शैलाताई कात्री पुसत होत्या. “जुन्या कुंडीतल्या साली पार कुजून भुगा झाल्या होत्या. मला दिसत होतं. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यातच बदलायला हवी होती कुंडी. पण हात लावायचा धीर होत नव्हता. चाललंय ना, चालू दे, असंच माझं नेहमी.” मग जरा थांबून, “तुमचं वेळेआधी, माझं वेळ गेल्यावर. मधल्या मध्ये त्याचे हाल.”

खटावकरांनी चमकून वर पाहिलं. त्या झाडाकडेच बघत होत्या.

कापलेल्या जागांवर त्यांनी दालचिनीची पूड लावली, फक्त कापलेल्या जागांवर. झाड कुंडीत असं धरलं की पानांचा गाभा सालींच्या वर राहील. खटावकर मुठीमुठीनं साली सोडत गेले आणि सवयीनं त्यांचा अंगठा दाबायला गेला.

“दाबू नका. कुंडी जमिनीवर हलकी आपटा, आपोआप बसतील.”

“पण मग झाड डुलतंय बघ.”

शैलाताईंनी हलवून पाहिलं. खरंच डुलत होतं, आणि डुललं तर नव्या मुळांची टोकं घासून मरतात. हे मात्र खटावकरांचं बरोबर होतं. त्यांनी आत जाऊन जाड तार आणली, कुंडीच्या कडेला अडकेल असा एक नाजूक आधार वाकवला आणि सुती दोऱ्यानं झाड त्याला सैलसर बांधलं. काम असं झालं की कंपनीतही दाखवावं.

“छान झालं,” शैलाताई म्हणाल्या. आठ महिन्यांनी आलेली ती शाबासकी खटावकरांनी जपून ठेवली.

“पाणी?”

“चार-पाच दिवस नाही. जखमा सुकू देत. ऊनही नको, सावलीत ठेवा.”

ऑगस्टपासून शैलाताईंचा चहा पुन्हा बाल्कनीत गेला. खटावकर स्टूल घेऊन शेजारी बसायचे. फार बोलणं व्हायचं असं नाही. पानं हळूहळू ताठ झाली, एक नवं पान आलं. पुन्हा दिवाळी झाली, सकाळी हवेत गारवा आला, आणि एके दिवशी शैलाताई आत असताना खटावकरांना वरच्या पानाखाली एक हिरवं टोक दिसलं.

त्यांनी वाकून पाहिलं. चपटं होतं. एका बाजूला खाच होती.

खटावकर उठले आणि “शैला” अशी हाक घशापर्यंत आली. दारात पोचता पोचता ते थांबले. वर्षापूर्वी हे तिनं पाहिलं होतं, ते आपण तिच्याकडून हिसकावून घेतलं. आता निदान बघण्याचा आनंद तरी तिचा तिला मिळू दे. ते परत येऊन स्टुलावर बसले.

पण शैलाताईंना काही दिसेना. एक दिवस गेला, दुसरा गेला, आठवडा गेला. दांडा चांगला बोटभर झाला. खटावकर आता बेचैन व्हायला लागले. “आज पानांवर ऊन काय छान पडलंय!” शैलाताई म्हणाल्या, “हं.” “तुझ्या चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला हवा.” “परवाच तर तपासला.” खटावकरांची अवस्था मोठी अवघड झाली होती. तोंडात गुळाचा खडा आणि बोलायची बंदी.

शेवटी रविवारी सकाळी ओवीचा व्हिडिओ कॉल आला. चहा चाललेला. “आई, झाड दाखव की,” ती म्हणाली. शैलाताईंनी फोन कुंडीकडे वळवला आणि ओवी तिकडून ओरडली, “अगं, दांडा आलाय ना हा! केवढा मोठा! तुम्ही दोघं सांगितलं का नाहीत?”

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. ओवीनं काय ओळखायचं ते ओळखलं आणि मग बोलते म्हणून फोन ठेवला.

“तुला दिसला नव्हता?” खटावकरांनी विचारलं.

“दिवाळीच्या आधीच दिसला.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही का नाही बोललात?”

“मला वाटलं, तुझं तू बघावंस. मागच्या खेपेला मी तुला ते बघू दिलं नाही.”

शैलाताईंनी कप खाली ठेवला. खाली वर्कशॉपला सुट्टी होती, त्यामुळे सगळीकडे शांत होतं.

“मागच्या खेपेला तुम्ही माझ्यावर ओरडला होतात, आधी का नाही सांगितलंस म्हणून,” त्या म्हणाल्या. “तेव्हाही मी थांबलेच होते. नाशिकला जायच्या आधी आठवडाभर. तुम्ही रोज पेपर घेऊन या दारात उभे राहायचात. मी म्हणायची, आज दिसेल त्यांना, उद्या दिसेल. कुणी न सांगता, या घरातलं एक तरी काही तुम्हाला आपणहून दिसावं, एवढंच वाटत होतं. आयुष्यभर मीच सांगत आले हो. एकदा नव्हतं सांगायचं मला.”

खटावकरांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी लपवलेही नाहीत. शैलाताईंनी ते पाहिलं आणि चहा गार होतोय म्हणाल्या.